भोकाच्या कडेवर ठरणारा आवाज

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला साडेसहा इंची स्पीकर टेबलावर तसाच उघडा ठेवून त्यावर गाणे लावले, की एक चमत्कारिक गोष्ट घडते. गायकाचा आवाज येतो, हार्मोनियम येते, तबल्यावर पडणारी बोटेही ऐकू येतात. डग्ग्याचा घुमार मात्र बेपत्ता असतो. एका मोठ्या पुठ्ठ्याला गोल भोक पाडून तोच स्पीकर त्यावर दाबून धरला, तर डग्गा परत येतो. हात जरा सैल पडला, कडेला फट राहिली, की आवाज पुन्हा पातळ. या सगळ्यात अॅम्प्लिफायर बदललेला नाही, वायर बदललेली नाही, स्पीकरही तोच आहे. बदलली ती फक्त त्याची कड आणि पुठ्ठा यांची गाठभेट. घरी खोका बनवणारी मंडळी प्लाय निवडण्यात आणि आतल्या घनफळाचे गणित करण्यात दिवसच्या दिवस घालवतात, आणि ही गाठभेट मात्र शेवटच्या अर्ध्या तासात चार स्क्रू पिळून उरकतात. मग वाद सुरू होतात: ड्रायव्हर फळीच्या पुढून लावावा की मागून, खाच पाडून सपाट बसवावा की वरच ठेवावा, खाली रबर घालावे की घट्ट आवळावा. (ड्रायव्हर म्हणजे कोन, चुंबक आणि धातूची फ्रेम असलेला सुटा नग.) या प्रश्नांना सरसकट एक उत्तर शोधणे हीच मूळ चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. तो ड्रायव्हर किती लांबीच्या लहरी काढणार आहे, ते आधी पाहावे. बसवण्याची रीत त्यावरून ठरते.

लहर किती लांब?

कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. समोर दाब, मागे ओढ. मधे काही आडोसा नसेल तर समोरची हवा कडेवरून वळून मागे जाते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या पद्धतीच्या फिरत्या कॉइलच्या स्पीकरचे काम मांडले, तेव्हाच कोनाभोवती फळी हवी हे त्यांनी दाखवून दिले होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्यामुळे सेकंदाला १०० कंपनांचा, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर जवळजवळ साडेतीन मीटर लांबीची लहर काढतो. ३,००० हर्ट्झची लहर साडेअकरा सेंटिमीटरची असते आणि २०,००० हर्ट्झची जेमतेम १७ मिलिमीटरची. साडेतीन मीटरच्या लहरीला सोळा सेंटिमीटरची फ्रेम ओलांडून मागे जाणे काहीच नाही, म्हणून डग्गा हरवतो. लहर आखूड झाली की तीच फ्रेम तिला पुरेसा अडसर ठरते, म्हणून तबल्याची बोटे टिकतात.

याचा फळीवरच्या कामाशी थेट संबंध आहे. मोठ्या लहरीला फ्रेमच्या कडेचा चार मिलिमीटरचा उंचवटा दिसतही नाही. तिची भानगड हवेच्या दाबाशी आणि फळीला बसणाऱ्या धक्क्यांशी असते. आखूड लहरीला गळतीचे फारसे सोयरसुतक नसते, पण तोच चार मिलिमीटरचा उंचवटा तिला आडवा येतो. खालचे सूर वाजवणारा वूफर आणि वरचे सूर वाजवणारा ट्वीटर एकाच फळीवर शेजारी बसत असले, तरी त्यांच्या गरजा अशा वेगळ्या असतात.

वूफरची पहिली गरज: हवाबंद कड

बंद खोक्यातला दाब किती असतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. साडेसहा इंची वूफरच्या कोनाचे क्षेत्रफळ साधारण १३५ चौरस सेंटिमीटर असते. खोका दहा लिटरचा आहे आणि कोन ४ मिलिमीटर आत गेला असे धरू. म्हणजे त्याने ५४ घनसेंटिमीटर जागा गिळली. आतली हवा अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त दबली, आणि इतक्या झटपट दाबल्यामुळे ती किंचित तापते, म्हणून दाब पाऊण टक्क्याने वाढतो. ऐकायला किरकोळ वाटते, पण हा दाब पाण्याच्या साडेसात-आठ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका आहे. फ्रेमखाली कुठे बारीक फट राहिली असेल, तर एवढ्या दाबाने तिच्यातून निघणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ३५ मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर, आणि तेही ५० हर्ट्झच्या सुरावर दर सेकंदाला पन्नास वेळा बाहेर, पन्नास वेळा आत. खालच्या सुरांवर येणारी फुसफुस ही याची खूण. प्रेशर कुकरची रिंग एका जागी कडक झाली की कितीही आच दिली तरी शिटी होत नाही, कडेने वाफ जात राहते. वूफरच्या कडेची गळती तशीच काम करते. अॅम्प्लिफायरची ताकद वाढवून ती भरून निघत नाही.

इथे बाजारातला एक सापळा सांगायला हवा. पत्र्याच्या फ्रेमच्या अनेक स्वस्त ड्रायव्हरांना कडेवर जाड पुठ्ठ्याची रिंग चिकटवलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, गॅसकेट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, सोबत आलेच आहे. पण ती रिंग फ्रेमच्या पुढच्या अंगाला असते. फळीच्या मागून ड्रायव्हर लावण्याचा रिवाज होता, त्या काळातली ती सोय. मागून लावला तरच ती फळीला टेकते. पुढून लावला, की ती रिंग खोलीकडे तोंड करून शोभेला राहते आणि खाली पत्रा थेट लाकडावर येतो. त्यामुळे पुढून बसवताना फ्रेमच्या मागच्या अंगाला वेगळे गॅसकेट लागतेच. दोन-तीन मिलिमीटरची बंद छिद्रांची फोम पट्टी यासाठी उत्तम. पट्टी तोंडाशी धरून फुंकर मारली आणि हवा आरपार गेली, तर ती उघड्या छिद्रांची, ती नको. पट्टीची दोन टोके जिथे भेटतात तिथे ती तिरपी कापून एकमेकांवर चढवावीत, कारण गळतीची सर्वांत आवडती जागा हा सांधाच असतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मोठी नळी, म्हणजे पोर्ट असलेल्या खोक्याला मुळातच मूठ जाईल एवढे भोक असते, मग कडेच्या फटीचे एवढे काय? फरक असा, की पोर्टमधली हवा एक लांब, वजनदार गोळा म्हणून हलते आणि ठरावीक सुरावर कोनाला साथ देते. पातळ फटीतली हवा कडांना घासत जाते आणि ऊर्जा नुसती घर्षणात घालवते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी पोर्टच्या खोक्याचे गणित बसवले. त्यात स्मॉल यांनी खोक्यातल्या निरनिराळ्या नुकसानांपैकी गळतीला मुख्य स्थान दिले. पोर्ट ज्या सुरावर काम करतो, नेमका तिथेच आतला दाब सर्वाधिक असतो, म्हणून गळती सर्वांत जास्त तिथेच बोचते. दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: बंद खोक्यातही बाहेरच्या हवामानाशी दाब जुळावा म्हणून अतिसूक्ष्म गळती ठेवतात. खरे आहे, पण ती गळती कित्येक सेकंदांत काम करणारी असते. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात बदलणारा दाब तिला हातही लावू शकत नाही.

मग सिलिकॉन लावून ड्रायव्हर कायमचा चिकटवून टाकला तर? हवाबंद होईल, यात शंका नाही. पण ड्रायव्हर ही कधी ना कधी बाहेर काढावी लागणारी वस्तू आहे. कोनाच्या कडेचा फोम दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन भुसभुशीत पडतो. मुंबई-कोकणातल्या हवेत तर लवकरच. मग दुरुस्तीसाठी किंवा कोन बदलण्यासाठी नग काढावा लागतो, आणि सिलिकॉन सोडवताना पातळ पत्र्याची फ्रेम वाकते नाहीतर एमडीएफचा पापुद्रा निघून येतो. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते. बंद पेटीत धातूच्या भागांजवळ ते नकोच.

चौकट : गळती आहे का?
बंद खोक्यात कोनाच्या मध्याभोवती दोन्ही हातांची बोटे सारखी टेकवून तो अगदी हळू आत दाबावा आणि सोडावा. कोन रेंगाळत परत आला तर कड हवाबंद आहे; लगेच उसळून आला तर हवा कुठून तरी जात आहे. पोर्टच्या खोक्यात ही परीक्षा चालत नाही. तिथे तीस-चाळीस हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावून पेटती उदबत्ती फ्रेमच्या कडेने, कोनापासून दूर राखून, सावकाश फिरवावी. धूर जिथे थरथरतो तिथे फट आहे.

दुसरी गरज: पकड

कोनाला पुढे ढकलणारे बल फ्रेमला तेवढ्याच जोराने मागे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम इथे अक्षरशः ऐकू येतो. कोन आणि कॉइल मिळून १५ ग्रॅम वजन आहे आणि ते ५० हर्ट्झवर दोन्ही बाजूंना ४ मिलिमीटर हलते आहे असे धरले, तर फळीला बसणारा हिसका सुमारे ६ न्यूटनचा होतो, म्हणजे ६०० ग्रॅमचे वजन टांगल्याएवढा. चार साधे स्क्रू एवढे वजन सहज पेलतात. ड्रायव्हर पडेल अशी भीती कधीच नसते. मग घट्ट आवळायचे कशासाठी? बलाची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, त्यासाठी. दोन स्क्रूंच्या मधे फ्रेम फळीवरून केसभर जरी सुटत-टेकत राहिली, तरी ती खडखडते. स्क्रूच्या डोक्याखाली पकड असतेच, पण तिचा दाब मधल्या भागापर्यंत पोहोचला पाहिजे. हे काम गॅसकेट करते, आणि म्हणूनच मोठ्या वूफरला चारऐवजी आठ बोल्ट असतात.

एमडीएफमध्ये लाकडी स्क्रू पहिल्यांदा छान बसतो. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येते. एमडीएफ म्हणजे दाबलेले लाकडाचे बारीक तंतू. त्याला लाकडासारख्या रेषा नाहीत, त्यामुळे एकदा आटे खणले गेले की पुन्हा तिथे पकड मिळत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: स्क्रू आत शिरताना भोकाभोवतीचा एमडीएफ थोडा फुगून वर येतो. डोळ्याला दिसत नाही, पण त्या टेंगळावर फ्रेम उचलली जाते आणि बरोबर स्क्रूच्या शेजारी फट पडते. उपाय सोपा आहे. आधी बारीक ड्रिलने भोक पाडावे आणि त्याचे तोंड मोठ्या ड्रिलने हाताने दोन वळसे देऊन किंचित खोलगट करावे. भोकात पातळ फेव्हिक्विकचा थेंब सोडून पूर्ण सुकू दिला तर आटे आणखी टिकतात. ड्रायव्हर वारंवार काढायचा असेल किंवा तो दोन किलोहून जड असेल, तर टी-नट घ्यावा. हा दातेरी नट फळीच्या आतल्या अंगाने ठोकतात आणि पुढून मशीनचा बोल्ट त्यात आवळतात. टी-नट नुसता ठोकून सोडला तर बोल्ट काढताना तो मागे निसटतो आणि बंद खोक्यात फिरत बसतो. मग हात घालायला जागा नसते. म्हणून ठोकताना कडेला एपॉक्सी लावावे, आटे मात्र स्वच्छ राहतील हे पाहावे.

आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा. एक बोल्ट पूर्ण पिळून मग शेजारच्याकडे गेल्यास पत्र्याची फ्रेम पीळ खाते, आणि पीळ खाल्लेल्या फ्रेममध्ये कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत घासू शकते. समोरासमोरचे बोल्ट थोडे-थोडे आवळत दोन-तीन फेऱ्या कराव्यात. आणि पेचकस धरताना दुसऱ्या हाताने कोन झाकावा. चुंबक लोखंडी पेचकसाला अचानक स्वतःकडे ओढतो. नवा कोन फाटण्याचे हे सर्वांत सामान्य कारण असावे.

पुढून की मागून?

जुन्या लाकडी रेडिओत स्पीकर फळीच्या मागूनच लावलेला असे, आणि तो चांगला वाजे. मागून लावण्याच्या बाजूने हा पुरावा नेहमी पुढे केला जातो. पण त्या रेडिओवर मध्यम लहरींचे केंद्र ऐकू येई, आणि त्यात चार-पाच हजार हर्ट्झच्या वर फारसे काही नसे. मागून लावलेल्या ड्रायव्हरसमोर फळीच्या जाडीएवढी खोल वाटी तयार होते. अठरा मिलिमीटर ही ४,८०० हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी. त्या सुमारास आणि त्याच्या बऱ्याच खालपासून ही वाटी काही सूर फुगवते, काही दाबते. रेडिओला त्याची पर्वा नव्हती. आज फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर मागून लावला तरी काही बिघडत नाही, कारण त्याची सर्वांत आखूड लहरही दोन-तीन मीटरची असते. हजारो हर्ट्झपर्यंत जाणारा ड्रायव्हर मागून लावायचा असेल, तर भोकाची पुढची कड रुंद उतरती करावी आणि फळी पातळ ठेवावी. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये आवाज तपासण्यासाठी बनवलेल्या एलएस३/५ए या प्रसिद्ध स्पीकरमध्ये वूफर मागूनच बसवला होता. म्हणजे ही रीत मुळातच वाईट, असे कोणी म्हणू नये. पण ते काम मोजमाप करणाऱ्या संशोधन विभागाचे होते.

पुढून लावण्याचीही एक छुपी किंमत आहे, आणि ती लहान ड्रायव्हरला मोजावी लागते. पाच इंची ड्रायव्हर पंचवीस मिलिमीटर जाड फळीत पुढून बसवला, की त्याच्या मागच्या अंगाला भोकाची भिंत येते. फ्रेमच्या खिडक्यांतून मागे जाऊ पाहणारी हवा या भिंतीत आणि चुंबकाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोंडते. जाड फळी म्हणजे चांगली फळी, या समजुतीचा हा परिणाम. उपाय एकच: भोकाची आतली कड पंचेचाळीस अंशांत तासून मोकळी करावी. फक्त स्क्रू जिथे येणार, तिथले लाकूड तसेच सोडावे, नाहीतर पकडीलाच काही उरत नाही. दहा-बारा इंची वूफरला हा प्रश्न जवळजवळ नसतो.

ट्वीटरसाठी खाच

ट्वीटरकडे आलो की प्रश्न पूर्ण बदलतो. त्याची मागची बाजू बहुधा बंदच असते, त्याचा धक्का नगण्य असतो. त्याला हवा आहे तो सलग, सपाट पृष्ठभाग. फळीवरून चालत जाणारी आखूड लहर जिथे पायरी किंवा धार गाठते, तिथून तिचा काही भाग पुन्हा नव्याने पसरतो. हा उशिरा निघालेला आवाज मूळ आवाजात मिसळून कुठे भर घालतो, कुठे खड्डा पाडतो. आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळ्या आकारांच्या खोक्यांत तोच ड्रायव्हर बसवून हे मोजले. गोलाचा आलेख सर्वांत शांत आला. घनाच्या एका बाजूच्या मधोमध बसवलेल्या ड्रायव्हरचा आलेख चढउतारांनी भरलेला निघाला, कारण चारही कडा सारख्याच अंतरावर असल्याने त्यांचे परिणाम एकाच सुरावर साचतात. म्हणून ट्वीटर फळीच्या अगदी मध्यावर न ठेवता थोडा बाजूला सरकवावा. यासाठी ना पैसा लागतो, ना अवजार.

ट्वीटरची फ्रेम तीन ते पाच मिलिमीटर जाड असते. राउटर या लाकूड कोरणाऱ्या यंत्राने तेवढ्याच खोलीची गोल खाच पाडून ती फळीच्या पातळीत आणणे, हा या पायरीवरचा सरळ उपाय. राउटर नसेल तर तीन-चार मिलिमीटरच्या प्लायला ट्वीटरच्या बाहेरच्या मापाचे भोक पाडून तो प्लाय मूळ फळीवर चिकटवावा, परिणाम तोच. एलएस३/५ए मध्ये ट्वीटरभोवती जाड फेल्टचा चौकोन होता, त्याचेही काम कडेपर्यंत जाणारी लहर वाटेतच जिरवण्याचे. वूफरला मात्र खाच पाडण्याचा आग्रह बहुतेकदा दिसण्यासाठी असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचे श्रेय आवाजाला देऊ नये. एक अपवाद: वूफरची जाड फ्रेम ट्वीटरला अगदी खेटून असेल, तर ती ट्वीटरच्याच लहरींना आडवी येते, आणि तेव्हा खाच वूफरला पाडूनही फायदा ट्वीटरचा होतो.

रबराचा मोह

शेवटचा वाद रबराचा. वूफरचे हिसके फळीत जाऊच नयेत म्हणून फ्रेमखाली मऊ रबर घालावे, असे सुचवले जाते. विरोधक म्हणतात, सैल फ्रेम मागे हटेल आणि ठोका मवाळ होईल. विरोधकांचा हा मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही. कोन १५ ग्रॅमचा आणि चुंबक-फ्रेम दीड किलोची असेल, तर मोकळी सोडलेली फ्रेमही कोनाच्या शंभराव्या हिश्शानेच हलते. कोन ४ मिलिमीटर, तर फ्रेम ०.०४ मिलिमीटर. त्याने ठोका बिघडत नाही.

तरीही घरच्या खोक्यात रबर नको असे मी म्हणतो, त्याचे कारण वेगळे आहे. रबर आणि त्यावरचे वजन मिळून एका ठरावीक सुरावर डोलतात. त्या सुराच्या साधारण दीडपट वर गेल्यावरच रबर हिसके अडवते. त्या सुरापाशी उलट ते वाढवते. हा सूर काढायला खोका पाठीवर आडवा ठेवून ड्रायव्हरच्या वजनाने रबर किती दबते ते पाहायचे. एक मिलिमीटर दबले तर सूर सुमारे १६ हर्ट्झ, ०.१ मिलिमीटर दबले तर ५० हर्ट्झ, आणि ०.०१ मिलिमीटर दबले तर जवळजवळ १६० हर्ट्झ. नळदुकानातल्या कडक रबरी वॉशरवर बोल्ट आवळला, की आपण या शेवटच्या टोकाला असतो, आणि घरगुती खोक्याच्या फळ्याही बहुधा दीडशे ते पाचशे हर्ट्झच्या दरम्यानच घुमतात. म्हणजे जिथे फळी आधीच बोलते, तिथेच तिला आणखी चेव आणला. त्यात बोल्टचा दांडा फ्रेमच्या भोकाला घासला, की धातूमार्गे हिसके सरळ आत, आणि रबर नावापुरते. खरोखर मऊ रबर, दांड्याभोवती रबरी नळी, शिवाय हवाबंद कड, हे सगळे एकत्र जमवणाऱ्या कंपन्या आहेत. ब्रिटनच्या केईएफने १९८४ मध्ये आणलेल्या १०४/२ मध्ये तर दोन वूफरच्या चुंबकांना जोडणारा धातूचा दांडाच घातला; एकाचा धक्का दुसऱ्याच्या उलट, त्यामुळे दोन्ही दांड्यातच विरतात. घरी दोन सारखे वूफर खोक्याच्या समोरासमोरच्या बाजूंना बसवून हाच फायदा दांड्याशिवाय बराचसा मिळवता येतो, फक्त मधे खोका भक्कम हवा.

एकच वूफर असेल तर पातळ फोमचे गॅसकेट, त्यावर सारखी आवळलेली फ्रेम आणि आतून फळीला एखादी आडवी पट्टी, एवढे पुरते. फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा बसतो, आणि एमडीएफ पावसाळ्यात फुगून हिवाळ्यात पुन्हा आकसते. म्हणून बोल्ट महिन्याभराने एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा तपासावेत. पाव वळसा बसला तर बसवावा, त्याहून जास्त जोर लावू नये.